आश्रय आणि आज्ञा

गेल्या दिवाळीतली गोष्ट. नरकचतुर्दशीची पहाट होती. अंगाचा उटण्याचा वास अजून गेला नव्हता. धाकट्या मुलीचे बोट धरून मी चौकातल्या ‘दिवाळी पहाट’ला गेलो. मांडव घातलेला, पणत्या लावलेल्या, सतरंज्यांवर माणसे दाटीवाटीने बसलेली. व्यासपीठाच्या मागे कार्यक्रमाचा खर्च उचलणाऱ्या पुढाऱ्याचे छायाचित्र होते. ते इतके मोठे होते, की त्याच्यापुढे बसलेली गायिका देवळाच्या पायरीवरच्या पणतीएवढी दिसत होती. पण तिने डोळे मिटून ललतचा पहिला षड्ज लावला मात्र, आणि ते छायाचित्र कुठल्या कुठे गेले. अंधार विरळ होत होता. दोन्ही मध्यमांच्या मधल्या त्या अवघड वाटेवरून ती अशी हलकेच चालली होती, की शेजारच्या बाकावरच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी हातातला चहाचा पेला खाली ठेवला आणि तो तसाच निवू दिला.

एवढ्यात मोटारी आल्या. निवेदक लगबगीने पुढे आला आणि गायिकेच्या कानाशी लागला. तिने हात वर करून तबलजीला थांबवले. मग शाली झाल्या, नारळ झाले, हार झाले आणि आपली संस्कृती जतन करण्याविषयी वीस मिनिटे भाषण झाले. मोटारी परत गेल्या तेव्हा उन्हे मांडवाच्या कनातीवर आली होती. गायिकेने एकदा आकाशाकडे पाहिले, किंचित हसली आणि एक भजन म्हणायला सुरुवात केली. ललतची वेळ गेली होती.

घरी परतताना मुलीने विचारले, “बाबा, त्यांनी मधेच गाणं का थांबवलं?”

“कार्यक्रमाचे पैसे त्या साहेबांनी दिले होते ना, बाळ.”

“मग गाणं त्यांचं झालं का?”

मी शाळामास्तर आहे. मुलांच्या प्रश्नांना उत्तरे देणे हा माझा धंदाच आहे. पण त्या प्रश्नाला मला उत्तर देता आले नाही. वर्षभर तो प्रश्न माझ्या पायात घुटमळतो आहे. आणि हे वर्षभर मी ज्या गावात राहतो त्या कोल्हापूरकडे त्याच प्रश्नाच्या चष्म्यातून पाहतो आहे.

गाण्याचा आणि राजकारणाचा काय संबंध, असे आपण सहज म्हणून जातो. गाणे ते देवघरातले निरांजन आणि राजकारण ती रस्त्यावरची धूळ, अशी आपली समजूत असते. कोल्हापुरात राहणाऱ्या माणसाला मात्र ही सोय नाही. इथे संगीताच्या कोणत्याही आठवणीला हात घाला, तिच्या मुळाशी कुठला तरी हुकूम, कुठली तरी गादी, कुठले तरी राजकारण सापडतेच.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आमचे केशवराव भोसले नाट्यगृह जळाले. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, ज्यांचे नाव त्या वास्तूला दिले आहे त्या संगीतसूर्य केशवरावांची जयंती होती. सकाळी माणसे तिथे जमली. त्यांत नट होते, वादक होते, पडदे ओढणारे होते. तशीच आयुष्यात एखादेच नाटक पाहिलेली माणसेही होती. काळ्या पडलेल्या दगडी भिंतींकडे पाहून पुरुषासारखे पुरुष रडत होते. मीही त्यांत होतो. आग का लागली, चूक कोणाची, याचा विचार करणारे करोत. माझ्या मनात मात्र त्या दिवशी निराळाच विचार आला. आपण कोणाच्या वस्तूसाठी रडतो आहोत? हे नाट्यगृह ना माझ्या वर्गणीतून झाले, ना माझ्या वडिलांच्या. ते एका राजाने बांधले.

राजर्षी शाहू महाराजांनी ते १९१५ साली पूर्ण केले. तेव्हा त्याचे नाव पॅलेस थिएटर. त्याला लागूनच खासबागेचे कुस्त्यांचे मैदान आहे. ते १९१२ साली झाले. १९०२ मध्ये महाराज विलायतेला गेले असताना रोममधली जुनी क्रीडागारे त्यांनी पाहिली होती आणि तसे काहीतरी आपल्या पैलवानांसाठी असावे असे त्यांनी मनात घेतले होते. लाल मातीचा हौदा आणि संगीत नाटकाची रंगभूमी पाठीला पाठ लावून उभी आहेत, असे दृश्य दुसऱ्या कुठल्या गावात असेल असे मला वाटत नाही. हा योगायोग नव्हे. ज्या वर्षी महाराज विलायतेत होते त्याच वर्षी, २६ जुलै १९०२ रोजी, मागासलेल्या वर्गांसाठी सरकारी नोकऱ्यांतल्या निम्म्या जागा राखून ठेवण्याचा त्यांचा हुकूम निघाला. तळच्या माणसाला वर बसवायचे, हे त्यांचे राजकारण होते. पैलवान आणि नट या दोघांनाही तेव्हाचा प्रतिष्ठित समाज ओसरीपर्यंतच येऊ देत असे. त्या दोघांना महाराजांनी राजवाड्याच्या तोलाची घरे बांधून दिली. हे कलाप्रेम होते की राजकारण? मला वाटते, दोन्ही होते. आणि दोन्ही होते म्हणूनच ते टिकले.

गाण्याची गोष्टही अशीच आहे. १८९५ च्या सुमारास अल्लादियाखाँसाहेब कोल्हापूर दरबारी आले. तेव्हा ते चाळिशीचे होते. त्याआधीची त्यांची कथा ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. उत्तरेकडच्या एका लहानशा संस्थानात असताना तिथल्या राजाला त्यांच्या गाण्याचे वेड लागले. राजाची मर्जी! खाँसाहेबांना एकामागून एक रात्री गावे लागले आणि त्या अतिश्रमाने त्यांचा आवाज गेला. आवाज परत आला तेव्हा तो पूर्वीचा राहिला नव्हता. त्याचा गोडवा, त्याचा सहज पल्ला गेला होता. दुसरा कोणी असता तर तंबोऱ्याला गवसणी घालून गावी गेला असता. खाँसाहेबांनी त्या जखमी आवाजातून नवीन गायकी घडवली. लयीच्या अंगाने वळसे घेत जाणारी, श्वास कुठे घेतला हे कळू न देणारी, अवघड पण बांधेसूद. आज जिला आपण जयपूर घराण्याची गायकी म्हणतो ती हीच.

या कथेत मला माझ्या प्रश्नाचे पहिले टोक सापडले. खाँसाहेबांना दोन राजे भेटले. दोघांनाही गाणे आवडत होते. दोघेही पैसे देत होते. एकाच्या आवडीने आवाज गेला, दुसऱ्याच्या पदरी घराणे रुजले. फरक कुठे पडला? एकाने गाणे मागितले. दुसऱ्याने गाणाऱ्याला वेळ दिला. जवळजवळ सत्तावीस वर्षे खाँसाहेब कोल्हापुरात राहिले. मुलगे इथे शिकले. त्यांतले भुर्जीखाँसाहेब अंबाबाईच्या देवळात गात, ही आठवण इथली जुनी माणसे अजून सांगतात. देवीपुढे मुसलमान गवई गातो याचे तेव्हा कोणाला नवल वाटत नव्हते. आज त्याचे नवल वाटावे, हा काळाचा महिमा! पहिल्या राजाने दिली ती आज्ञा. दुसऱ्याने दिला तो आश्रय. दोन्ही शब्द ‘आ’पासूनच सुरू होतात, म्हणून की काय, आपण त्यांची नेहमी गल्लत करतो.

कोणी म्हणेल, ‘मास्तर, राजांचे एवढे गोडवे गाऊ नका. हा पैसा आला कोठून?’ प्रश्न रास्त आहे. तो पैसा रयतेच्या साऱ्यातून आला. भुदरगडच्या डोंगरात नाचणी पिकवणाऱ्या कुळवाड्याने सारा भरला आणि त्यातून तंबोऱ्याच्या तारा आल्या. त्या कुळवाड्याला ती वळणावळणाची गायकी जन्मात कधी ऐकायला मिळाली असेल? बहुधा नाही. माझा आजा अशांतलाच एक. त्याने ऐकले ते भजन आणि लेझीम. पण त्याच राजाने जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहे काढली आणि १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. म्हणून त्या कुळवाड्याचा नातू आज खडू हातात धरून उभा आहे आणि ललत कशाला म्हणतात हे त्याला थोडेफार कळते. एकाच वहीत शाळेचा खर्चही होता आणि गाण्याचाही. या हिशेबाने माझे समाधान होते असे नाही. पण नुसते गाणे पोसून शाळा उपाशी ठेवणाऱ्या राजापेक्षा हा हिशेब पुष्कळच बरा, एवढे मला कळते.

राजाश्रयाचे खरे वैगुण्य निराळेच आहे. तो एका माणसाच्या श्वासावर उभा असतो. ६ मे १९२२ रोजी शाहू महाराज निवर्तले आणि खाँसाहेबांनी कोल्हापूर सोडून मुंबई गाठली. त्यांचा उतारवयाचा काळ तिथेच गेला आणि १९४६ साली ते तिथेच पैगंबरवासी झाले. गोव्याच्या केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्या गळ्यातून त्यांची गायकी उभ्या हिंदुस्थानाने ऐकली, त्या दोघी मुंबईत नावारूपाला आल्या. एक माणूस गेला आणि गाण्याची राजधानी बदलली. दरबाराची जागा शेठजींच्या दिवाणखान्यांनी घेतली. गाव तेच, देऊळ तेच, रसिकही तेच. पण रसिकांच्या आवडीवर एखादा गवई जगतो, हे गावाने तोवर शिकून घेतले नव्हते. महाराज ऐकत होते, तोवर आम्ही फुकट ऐकत होतो! १८८३ साली सुरू झालेला आमचा देवल क्लब मात्र याला अपवाद. तिथे गाण्याच्या हौसेने चार माणसे जमत राहिली आणि संस्था राजाच्या मागेही टिकली. या साध्या गोष्टीकडे मी पुन्हा येणार आहे.

राजकारण कलेला नेहमी नागवतेच असेही नाही. १९२१ सालची गोष्ट पाहा. टिळक स्वराज्य फंडासाठी पैसा उभा करायचा होता. आमचे केशवराव भोसले आणि बालगंधर्व हे त्या वेळी दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे धनी. दोघांच्या चाहत्यांत विस्तव जात नसे. ते दोघे ८ जुलैला मुंबईत एका रंगमंचावर आले आणि ‘मानापमाना’चा संयुक्त प्रयोग झाला. केशवराव धैर्यधर, बालगंधर्व भामिनी! नाटकाच्या पदांच्या चाली आमच्याकडच्याच गोविंदराव टेंब्यांच्या. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ऑक्टोबरात, केशवराव गेले. अवघे एकतीस वर्षांचे होते. त्या रात्रीबद्दल मला महत्त्वाची वाटते ती ही गोष्ट, की राजकारणाने त्या दोघांकडे कला मागितली, पण कलेत ढवळाढवळ केली नाही. नाटक होते तसेच राहिले, पदे होती तशीच राहिली. कलावंतांनी दिले ते आपखुशीने दिले. मागणाऱ्याने ओंजळ पुढे केली होती, बोट नव्हे.

आणि बोट पुढे केले की काय होते, त्याचे उदाहरणही याच गोविंदरावांच्या निमित्ताने देतो. टेंबे हे पेटीचे बादशहा. १९४० साली आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली. पेटीचे स्वर बांधलेले, तिच्यात मींड येत नाही, श्रुती सापडत नाहीत, असे कारण होते. शास्त्र म्हणून ते अगदीच चूक होते असे मला वाटत नाही. कित्येक जाणते गवई आजही तसेच म्हणतात. पण मैफलीत वाद घालून जे ठरायचे ते कचेरीत फर्मान काढून ठरले. इंग्रज गेले, आपले राज्य आले, तरी बंदी उठली नाही. १९५५ साली गोविंदराव गेले तेव्हाही ती होतीच. सैल व्हायला एकंदर तीन दशके लागली. हुकूम काढणारे कोणी दुष्ट नव्हते. त्यांना संगीताचे भलेच करायचे होते. मला भीती वाटते ती याच माणसांची. दुष्ट माणूस गाणे बंद करतो तेव्हा निदान आपल्याला कळते तरी!

आता उरला लोकाश्रय. राजे गेले, लोक राजे झाले, आता कला लोकांच्या मांडीवर सुखाने झोपेल, असे आपण म्हणतो. १९४९ च्या १ मार्चला कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि लोकांचे राज्य आले, हे उत्तमच झाले. ते होऊ नये असे कोण म्हणेल? पण त्याच्या वर्षभर आधी याच लोकांचे एक रूप गावाने पाहिले होते. जानेवारी १९४८ मध्ये गांधीजींचा खून झाला. संतापलेले जमाव रस्त्यावर आले आणि त्यांनी जाती पाहून घरे जाळली. भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओही त्यात पेटला. ज्या मजल्यांवर चित्रपटांची गाणी बसली, ज्या जागेने गावातल्या कितीतरी गरीब पोरांना कलावंत केले, ती जागा गावातल्याच हातांनी जाळली. भालजींनी कर्ज डोक्यावर घेऊन ती पुन्हा उभी केली. अहिंसेच्या पुजाऱ्याच्या नावाने आग लावणारे ते हात काही परक्यांचे नव्हते. ‘लोक’ हा शब्द उच्चारला की पुण्य लागत नाही, हे तेव्हापासून आमच्या गावाला ठाऊक असायला हवे.

म्हणजे राजा मरतो, सरकार फर्मान काढते आणि लोक कधीकधी आग लावतात. मग गाण्याने जायचे कोठे?

याचे उत्तर शोधताना मला एक जुनी गोष्ट आठवली. ती सांगायला मला लाज वाटते, पण ती सांगितल्यावाचून हा लेख प्रामाणिक होणार नाही. आठ-दहा वर्षांपूर्वी मी ज्या शाळेत होतो तिथे वार्षिक स्नेहसंमेलन होते. सातवीतला एक मुलगा गाणार होता. बाप गवंडीकाम करी. गाणे त्याने देवळातल्या भजनात उचललेले. मी त्याला महिनाभर पेटीवर भूप शिकवला होता. संमेलनाला पाहुणे उशिरा आले. मुलगा अंतऱ्यावर होता, डोळे मिटलेले होते आणि सूर असा लागला होता की मागच्या रांगेतली द्वाड पोरेही गप्प झाली होती. मुख्याध्यापकांनी माझ्याकडे पाहिले. मी विंगेतून त्या पोराला हाताने खूण केली, ‘पुरे’. त्याचे डोळे मिटलेले असल्यामुळे त्याला ती दिसली नाही. मग मी पुढे होऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

त्याने डोळे उघडून माझ्याकडे पाहिले तसे कोणी माझ्याकडे पुन्हा पाहू नये. पाहुण्यांचे भाषण झाल्यावर मी त्याला म्हटले, “चल, आता पुरं कर.” तो म्हणाला, “झालं गुरुजी.” शाळेत तो पुन्हा कधी गायला नाही.

आता मला सांगा, त्या पोराचे गाणे कोणी थांबवले? पाहुण्यांनी? त्या बिचाऱ्यांना पत्ताही नव्हता. कदाचित ते दोन मिनिटे आनंदाने थांबलेही असते. मुख्याध्यापकांनी नुसते पाहिले. हात माझा होता. राजकारण कलेचा गळा दाबते, असे आपण म्हणतो तेव्हा राजकारणाला स्वतःचे हात नसतात, हे आपण विसरतो. ते माझ्यासारख्यांचे हात उसने घेते. कधी मास्तराचे, कधी निवेदकाचे, कधी संस्थेच्या चिटणिसाचे. आणि हे हात बहुधा कोणी मागण्यापूर्वीच पुढे झालेले असतात!

म्हणून मुलीच्या प्रश्नाचे उत्तर मला आता असे द्यावेसे वाटते. बाळ, पैसे देणाऱ्याचे गाणे होत नाही. गाणाऱ्याचेही ते पुरते नसते. त्याने ते कोणाकडून तरी घेतलेले असते. गाणे जो शेवटपर्यंत ऐकतो त्याच्यापाशी राहते. शाहू महाराज मोठे आश्रयदाते, कारण गाणाऱ्याला पूर्ण होऊ द्यायचे असते, हे त्यांना कळत होते. राजाला जे एकट्याला करता येत होते ते आपण हजारांनी मिळून करायचे, हाच लोकाश्रयाचा अर्थ. मत दिले की राज्य आपले होते. पण गाणे आपले व्हायला बसावे लागते, थांबावे लागते, चार आणे का होईना पदरचे टाकावे लागतात आणि वेळ आली तर ‘साहेब, एवढा अंतरा होऊ द्या’ असे उभे राहून म्हणावे लागते. देवल क्लबात पूर्वी चार माणसे जमत ती एवढेच करीत होती. राजा गेल्यावर राहिले ते त्यांच्यामुळे.

नाट्यगृह पुन्हा बांधण्याचे काम सुरू झाले. भिंती उभ्या राहतील, खुर्च्या येतील, पडदाही वर जाईल. तेवढे सरकार करू शकते आणि त्याने ते करावे. पण त्या सकाळी माणसे रडत होती ती दगडांसाठी नव्हती. आपण फुकट ऐकत राहिलो, सांभाळले नाही, हे त्या काळ्या भिंतींनी त्यांना सांगितले होते. निदान माझ्यापुरते तरी हे खरे आहे.

तो मुलगा हल्ली बापाबरोबर बांधकामावर असतो. परवा वसुबारसेच्या सुमारास बाजारात आकाशकंदील घेताना भेटला. नमस्कार केला. मी धीर करून विचारले, “गातोस का रे अजून?” तो हसला, म्हणाला, “मंगळवारी देवळात म्हणतो गुरुजी. या की ऐकायला.”

मी म्हटले, “येतो. आणि शेवटपर्यंत बसतो.”

त्याला त्या बोलण्याचा अर्थ कळला की नाही, ठाऊक नाही. पण दिवाळी झाल्यावरच्या पहिल्या मंगळवारी मी मुलीला घेऊन जाणार आहे.